अंबडकर काकांची काळी खिडकी

जालन्यात आमच्या गल्लीत मधुकरराव अंबडकर यांच्या घरी जाणाऱ्याला आधी पाणी मिळत नाही. आधी एक ओळ वाचावी लागते. बैठकीच्या खोलीत टेबलावर कम्प्युटर आहे. त्याच्या पडद्यावर एक काळी खिडकी कायम उघडी असते आणि त्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘कुऱ्हाड, लक्ष्मी, उद्धव, द्वारका, खुर्च्या.’ आलेल्या माणसाला खुर्चीत बसवलं जातं. अंबडकर काका त्याच्या मागं उभे राहतात आणि म्हणतात, “वाचा. स्पष्ट दिसून राह्यलं का?”

‘दिसतंय’ म्हटल्यानं सुटका होत नाही. काका पुढं वाकून एक बटण दाबतात. अक्षरं किंचित हलतात.

“आता?”

“दिसतंय की.”

“आधीचं बरं का आत्ताचं?”

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. ‘आधीचं’ म्हटलं तर काका म्हणतात, “मंग बदललं कशाला मी?” ‘आत्ताचं’ म्हटलं तर म्हणतात, “कड बघा, कड. नुसतं धुकं.” आणि दोन्ही सारखंच म्हणणाऱ्या माणसाकडं ते अशा नजरेनं पाहतात, की त्याला आपल्या शिक्षणाविषयी शंका यावी.

गॅसची टाकी आणणाऱ्यानं एकदा ओळ वाचून विचारलं, “काका, बाकी समजलं, पण कुऱ्हाड कशाला?” काका म्हणाले, “‘ऱ्हा’ फुटतो का ते बघायचंय.” त्यानंतर तो टाकी दारातच ठेवून जायला लागला. विमा एजंटानं गल्लीत येणंच सोडलं. काकांच्या छंदाचा गल्लीला झालेला हा एकमेव फायदा. महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून आला, तर त्यालाही बसवलं. तो घाईत होता. एकदाच बघून म्हणाला, “एकदम स्पष्ट आहे, काका.” काका म्हणाले, “तुम्हाला सगळंच स्पष्ट दिसतं. जा.”

काका एका बँकेच्या कम्प्युटर विभागातून निवृत्त झाले. त्यांच्या उमेदीच्या काळात बँकेत माऊस आला नव्हता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. माणसानं हुकूम टाइप करायचा आणि यंत्रानं उत्तर द्यायचं. काकांच्या मते कम्प्युटर तिथंच पूर्ण झाला होता, पुढं त्यात फक्त चित्रं भरली गेली. “चित्रावर बोट ठेवायला माकडालाबी शिकवता येतं,” असं ते म्हणतात. म्हणून आजही ते सगळं काम त्या काळ्या खिडकीत, हुकूम टाइप करून करतात. तिला टर्मिनल म्हणतात. काका खिडकीच म्हणतात.

अडचण अशी, की ही खिडकी इंग्रजीसाठी बनली. तिथं प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा चौकोन मिळतो. इंग्रजी अक्षरं त्यात मुकाट बसतात. मराठीची वेलांटी शेजाऱ्याच्या चौकोनात पाय टाकते, उकार खालून कापला जातो, जोडाक्षर मधून फुटतं. पुण्याच्या मुलीनं मोठा, नवा स्क्रीन पाठवला, तर त्यावर बाकी सगळं धारदार दिसायला लागलं आणि खिडकीतली अक्षरं तेवढी आणखी पुसट झाली. मग काकांनी फॉन्ट बदलले. आकार बदलले. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची एक सोय असते, ती बंद केली. कडा करवतीसारख्या झाल्या. पुन्हा सुरू केली, धुकं आलं. अर्धी सुरू ठेवता येते असं कळलं, तेव्हा त्यांनी ती अर्धी सुरू केली, आणि आता निम्मी अक्षरं करवतीची आणि निम्मी धुक्यातली दिसून राह्यली, असं मला दारात उभं राहून सांगितलं. “बराबर बसलं न्हाई” हे त्यांचं वाक्य गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना बाद झाल्यावर वापरतात.

मी वर्तमानपत्रात काम करतो आणि काकांच्या शेजारी राहतो, त्यामुळं अक्षरांचा माणूस म्हणून माझ्यावर त्यांचा विशेष हक्क आहे. “या पत्रकार,” असं ते कुंपणावरून म्हणाले, की मी चप्पल शोधतो.

काकांचे डोळे गेले असतील, ही शंका सगळ्यांना एकदमच आली. मीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी झालेलं होतं. काकांनी भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ न थांबता वाचली आणि खाली बारीक अक्षरांत छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचला. डॉक्टर म्हणाले, “नजर उत्तम आहे.” काका म्हणाले, “ते मला माहितीय. ह्या तक्त्याचा फॉन्ट कोणता?” डॉक्टरांना माहिती नव्हतं. परत येताना रिक्षात काका म्हणाले, “बघा. डोळ्यांचा डॉक्टर, अन् अक्षर कोणतं ते माहिती न्हाई.”

ही खिडकी ज्यांच्यासाठी आहे त्या सुमनकाकूंविषयी आता सांगायला हवं.

काकूंचं माहेर शहागडचं. घर हायवेला लागून. ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लहानपणीच लागली आणि लग्न होऊन जालन्याच्या शांत गल्लीत आल्या तरी ती गेली नाही. काकूंनी स्वयंपाकघरातून काकांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी समोरच्या घरातून यायचं. काका कमी बोलत. त्यांना बोलायची जागाच कुठं होती, असं लोक म्हणत, पण काकांची त्याविषयी तक्रार ऐकू आली नाही.

मग काकूंना घशाचा कॅन्सर झाला. संभाजीनगरला ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं. त्या बऱ्या होऊन आल्या, पण आता गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि बोलता येत नाही. ऐकू उत्तम येतं. आधी पाटी आणली. खडूची धूळ त्या छिद्राला सोसेना. फोनवर त्या भावाला, मुलीला, शेजारणींना भराभर लिहायच्या. पण एका घरात राहून नवऱ्याला फोनवर निरोप पाठवायचा, हे दोघांनाही पटेना. तेव्हा काकांनी जुना कम्प्युटर आतल्या खोलीत काकूंच्या पलंगाशी मांडला, नवा बैठकीत ठेवला, दोन्ही वायरीनं जोडले. काकू आत टाइप करतील ते बैठकीतल्या काळ्या खिडकीत उमटायला लागलं. काकांनी बसल्या जागेवरून तोंडानं उत्तर द्यायचं. काकूंनी लिहिलेलं पहिलं वाक्य मी स्वतः पाहिलं आहे: ‘आता सांगा, ह्या घरात जास्त कोण बोलतं?’

काका ते वाक्य बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “‘जास्त’चा ‘स्त’ फुटला.”

तिथून हे सुरू झालं. काका खिडकीत अक्षर बघतात, वाचत नाहीत. बघणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वीस वर्षं बातम्या तपासूनही कळलं नव्हतं, ते काकांच्या बैठकीत कळलं. उन्हाळ्यात एकदा नळाला पाणी आलं. जालन्यात नळाला पाणी येणं ही पंचांगात नसलेली तिथी आहे. त्या दिवशी माणसं लग्नाला जात नाहीत. काकूंनी पलंगावरून, खोलीच्या खऱ्या खिडकीतून टाकी वाहताना पाहिली आणि लिहिलं, ‘मोटार बंद करा, टाकी वाहून राह्यली.’ काही हललं नाही. पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं. गच्चीवरून पाण्याची धार रस्त्यावर पडायला लागली, शेजारणी बादल्या घेऊन बाहेर आल्या, आणि मी धावत आत गेलो तेव्हा काका स्क्रीनला नाक लावून बसले होते.

“बघा पत्रकार,” ते म्हणाले, “‘टाकी’ची वेलांटी. पहिल्यांदाच बराबर बसली.”

तेवढ्यात त्या ओळीखाली नवी ओळ उमटली: ‘आता वेलांटी प्या.’

मी हसलो. काका हसले नाहीत. ‘प्या’ पुसट आहे म्हणाले.

या वर्षी पावसाळा संपता संपता काकूंना पुन्हा गाठ आली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी केमो सांगितली. उपयोग होईल का, असं मुलीनं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं नाही. वेळ थोडा वाढेल, एवढं म्हणाले. आधीच्या केमोत काकू कशा झाल्या होत्या ते गल्लीनं पाहिलेलं होतं. मुलगी म्हणाली, आईला हवं तसं करू. आईला काय हवं ते आईनं दुसऱ्याच दिवशी खिडकीत लिहिलं: ‘आता सुया नकोत. मला शहागडला दादाकडं न्या.’

काका म्हणाले, “‘शहागड’चा ‘ग’ तुटला. थांब, बघतो.”

त्यांनी फॉन्ट बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ओळ आली. काकांनी आकार बदलला. तिसऱ्या दिवशी काकूंनी कारण जोडलं: ‘तिथं घरात माणसं आहेत. सगळी बोलतात. इथं तुम्ही नुसतं अक्षर बघता.’ काकांनी जुना स्क्रीन माळ्यावरून काढला, पुसला, जोडला, आणि त्यावर धुकं कमी आहे का ते दुधवाल्याकडून तपासून घेतलं. दुधवाल्यानं ओळ वाचली. त्यानं काकांकडं पाहिलं, मापटं भरलं आणि निघून गेला. पुढं तो काकांच्या घरी लवकर यायला लागला, काका अंघोळीला असतात त्या वेळेला.

काकूंचे धाकटे भाऊ विलासराव, ज्यांना काकू लाडानं दादा म्हणतात, त्यांचं म्हणणं साधं होतं. ते मला फोनवर म्हणाले, “गाडी आत्ता पाठवतो. पण दाजींना ‘हो’ म्हणू द्या. ताईच म्हणती, त्यांच्या तोंडून आल्याशिवाय उंबरा न्हाई ओलांडायची.” काकूंनी हट्ट धरला होता, आणि काकूंच्या हट्टाला आता आवाज नसल्यामुळं त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

इकडं काकांनी केमोसाठी संभाजीनगरची सोमवारची तारीख घेतली, टॅक्सी सांगितली, आणि फॉन्टकडं वळले.

मी एकदा कुंपणाशी थेट विचारलं.

“काका, काकू काय म्हणतात?”

“म्हणते काहीतरी. नीट दिसत न्हाई.”

“आत जाऊन विचारा की.”

“विचारलं की ती लिहिते. लिहिलं की पुसट.”

“मी वाचून सांगू का?”

“तुम्हाला धुकं चालतं,” काका म्हणाले. “पेपरवाल्यांना काहीबी चालतं. एकदा अक्षर बसू द्या. मंग बोलू तिच्याशी.”

घर एव्हाना पूर्ण शांत झालं होतं. आतून कीबोर्डचा आवाज येई, बैठकीत काका बटणं दाबत, आणि दोघांच्या मधल्या भिंतीवर घड्याळ चालू होतं. शेजारणी काकूंना भेटायला मागच्या दारानं जात, कारण पुढच्या दारानं गेलं तर ‘कुऱ्हाड’ वाचायला लागे आणि आता तिच्याखाली काकूंची ओळही असे. ती मोठ्यानं वाचायची हिंमत कुणाला नव्हती. सगळे पाच शब्द वाचत आणि थांबत.

रविवारी सकाळी काका स्वतः दारात आले. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

“या पत्रकार. बसलं.”

“काय बसलं?”

“अक्षर. बिलकुल. या.”

मी गेलो. काका खोटं बोलत नव्हते. खिडकीतली अक्षरं खरोखर बसली होती. काठ धारदार, वेलांट्या आपापल्या घरात, ‘ऱ्हा’ अखंड, ‘द्वा’ अखंड. छापलेल्या पुस्तकात असतात तशी. आमच्या पेपरात एवढी चांगली येत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं आणि ते खरं होतं. काकांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. परीक्षा संपलेल्या, पण निकाल माहिती असलेल्या माणसासारखे ते उभे होते.

“वाचा,” ते म्हणाले. सवयीनं म्हणाले असावेत.

मी पाच शब्द वाचले. तेवढ्यात आतून कीबोर्ड वाजला आणि त्याखाली ओळ उमटली. मी वाचतच होतो, थांबायचं राहून गेलं, आणि तीही मोठ्यानं वाचली:

“‘उद्याची टॅक्सी नको सांगा. दादाला फोन करा. मला थकवा आलाय हो.’”

खोलीत ते वाक्य माझ्या आवाजात ऐकू आलं. काकूंचं वाक्य त्या घरात कुणीतरी आवाजात म्हणून दाखवल्याला बराच काळ झाला होता. काका माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते.

“स्पष्ट आहे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“कुठं पुसट?”

“कुठंच नाही, काका.”

“कड?”

“कडही नाही.”

काकांनी माझ्या खांद्यावरून हात पुढं नेला. त्यांनी घाई केली नाही, की चुकून काही दाबलं नाही. ओळीनं तीन बटणं दाबली. अक्षरं थोडी फुगली, काठ विरले, ‘थकवा’च्या ‘थ’चं पोट भरून गेलं, आणि सगळी ओळ काचेवर वाफ धरावी तशी झाली.

“न्हाई,” काका म्हणाले. “बराबर बसलं न्हाई अजून.”

मी खुर्चीवरून उठायला गेलो तेव्हा आतल्या दारात काकू उभ्या होत्या. गळ्याला जाळीचा रुमाल, एक हात चौकटीला. त्या फार बारीक झाल्या होत्या. त्यांनी मला हातानं बाजूला व्हायला सांगितलं, खुर्चीत बसल्या, कीबोर्ड जवळ ओढला आणि पुसट ओळीखाली आणखी एक पुसट ओळ लिहिली:

‘पत्रकारांनी वाचलं. तुम्ही वाचा. मोठ्यानं.’

“दिसत न्हाई,” काका म्हणाले.

काकू मागं वळून नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. एके काळी या बाईनं दोन वाक्यांत काकांना घराबाहेर आणि परत घरात आणलं असतं. आता त्या फक्त बसून होत्या आणि रुमाल श्वासाबरोबर वरखाली होत होता. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला. पुन्हा काढून कपाळावर चढवला. मग टेबलावरचा फोन उचलला आणि नंबर लावला. फोन स्पीकरवर ठेवायची त्यांची पद्धत आहे.

“विलासराव,” ते म्हणाले. “मधुकर बोलतो. गाडी पाठवा.”

पलीकडं ट्रक गेल्याचा आवाज आला. मग विलासराव म्हणाले, “ताईला घेऊन यायचं ना, दाजी? कधी?”

“आजच पाठवा. खाट कुठं टाकताय तिची?”

“तुम्ही म्हणाल तिथं.”

“ओसरीवर टाका. माणसं येती-जाती दिसली पाहिजेत. आवाज आला पाहिजे. अन् शेजारी दुसरी टाका.”

“दुसरी कुणाला?”

“मला,” काका म्हणाले. “मी काय इथं राहून करू?”

विलासरावांनी आवाज मोठा केला, जसा आपण बहिऱ्या माणसासाठी करतो. “ताई हाय का तिथं? ए ताई! ऐकू येतंय का गं?”

“येतंय तिला,” काका म्हणाले. “समोरच बसली. लिहून राह्यली.”

“काय म्हणती?”

काकूंची बोटं चालू होती. काकांनी चष्मा कपाळावर तसाच ठेवला. ते स्क्रीनपासून दोन पावलं मागं होते आणि खाली वाकले नाहीत. काकू लिहीत गेल्या तसतसं ते फोनमध्ये वाचत गेले. सपाट आवाजात, विराम तिथं विराम घेत, बायकोच्या मागोमाग.

“‘दादा, ह्यांना साखरेचा चहा देऊ नको. मागतील. शुगर आहे. रात्री पंखा जोरात लागतो ह्यांना. कमी बोलतात, म्हणून रागावले समजू नका. मी नसले तरी ह्यांना लगेच जालन्याला धाडू नका. दोन-चार महिने ठेवून घ्या.’”

शेवटचा शब्द वाचून झाल्यावर ते थांबले.

अक्षरं मघाशी होती तशीच पुसट होती. काका कुठंही अडखळले नव्हते.